अंगणातल्या दिव्याच्या खांबावर पॉइंट काढण्यापूर्वी

बंगल्याच्या फाटकाशी, रो-हाउसच्या अंगणात किंवा सोसायटीच्या बागेत उभ्या असलेल्या दिव्याच्या खांबावर ‘एक पॉइंट काढून द्या’ अशी मागणी आता सर्रास होते. मागणी रास्त आहे. गवत कापायचं यंत्र, गाडी धुवायचा प्रेशर पंप, दिवाळीतल्या माळा, गणपतीतली रोषणाई, पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाचा ध्वनिक्षेपक या सगळ्यांना घराबाहेर वीज लागते. ती घ्यायला बाहेर जागा नसली की लोक खिडकीतून वायर ओढतात. ती दाराच्या फटीत चेपते, ओल्या हिरवळीवरून जाते, तिचे जोड टेपने गुंडाळलेले असतात आणि शेवटी एक एक्स्टेंशन बोर्ड उघड्यावर पडलेला असतो. नीट बसवलेला कायमचा पॉइंट या ओढाताणीपेक्षा कितीतरी सुरक्षित. म्हणून या पुस्तिकेचा सल्ला आहे : पॉइंट जरूर काढा, पण काम अर्धवट सोडू नका.

हे काम अर्धवट राहतं, कारण ते खांबापाशी सुरू होतं असा समज असतो. खांबात दिव्याची वीज आलेलीच आहे, तिला दोन वायर जोडल्या, पेटी ठोकली की झालं, असं घरमालकालाही वाटतं आणि घाईत असलेल्या वायरमनलाही. प्रत्यक्षात हे काम घरातल्या डीबीपासून, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीपासून सुरू होतं, जमिनीखालच्या केबलमधून, अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जाऊन मग खांबावर येतं. सॉकेट ही त्यातली शेवटची आणि सगळ्यांत सोपी पायरी. आधीच्या तीन जागा तपासल्याशिवाय चौथीला हात लावू नये, एवढं एकच सांगणं या पुस्तिकेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे.

दिवा आणि पॉइंट यांत मुळात फरक काय, ते आधी पाहू. दिवा माणसाच्या हातापासून दूर, डोक्यावर असतो. पॉइंट हाताच्या उंचीवर येतो, आणि त्याला लागणारा हात बहुधा ओला असतो, पाय अनवाणी असतात. बागेतला एलईडी दिवा दहा-पंधरा वॅटचा. त्याच वायरवर दीड हजार वॅटचा पंप लावला की साडेसहा अँपिअर करंट वाहू लागतो. दिव्याची केबल अनेकदा दीड स्क्वेअर एमएमची असते. ती चाळीस मीटर लांब गेली आणि कुणी तिच्यातून सोळा अँपिअर ओढला, तर साधारण पंधरा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. चार स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये हाच तोटा सहा व्होल्टच्या आसपास राहतो. शिवाय दिव्याच्या लाइनवर टायमर किंवा फोटोसेल असतो, त्यामुळे त्याच लाइनवर घेतलेला पॉइंट दिवसा मेलेला असतो. मग कुणीतरी टायमर बायपास करतो आणि दिवे दिवसरात्र जळत राहतात. फोटोसेल खांबाच्या डोक्यावर नेऊन त्याने फक्त दिवा चालू-बंद करायचा आणि खांबापर्यंत कायमचा फेज आणायचा, हा त्यावरचा स्वच्छ उपाय. दिव्यासाठी खांबातच छोटा फ्यूज द्यायचा.

आता धोक्याचा हिशेब. तो कुणालाही कागदावर मांडता येतो आणि प्रत्येक घरमालकाने एकदा तरी मांडावा. ओल्या शरीराचा विरोध साधारण हजार ओहम धरतात. आपल्याकडे दाब २३० व्होल्ट. म्हणजे शरीरातून ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर करंट जाऊ शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी विजेच्या धक्क्यावर प्रदीर्घ संशोधन केलं. हातात धरलेली तार स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा त्यांना पुरुषांमध्ये सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांमध्ये साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास आढळली. तिच्यापुढे स्नायू आवळतात आणि माणूस खांबाला चिकटून राहतो. त्याहून जास्त करंट छातीतून काही क्षण गेला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. आणि डीबीतला एमसीबी सोळा अँपिअरचा, म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअरचा. माणसाचा जीव घ्यायला पुरेसा करंट त्याच्या दृष्टीने क्षुल्लक असतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसाला वाचवण्यासाठी नव्हे. ‘आमच्याकडे सगळे एमसीबी बसवलेत’ हे वाक्य ऐकून म्हणूनच निर्धास्त होऊ नये.

‘पण अर्थिंग आहे ना?’ हा पुढचा प्रश्न. अर्थिंग हवीच, तिच्याशिवाय या कामाचा विचारही करू नये. पण एकटी अर्थिंग कुठवर पुरते, तेही मोजून बघावं. अनेक बंगल्यांची अर्थिंग त्यांच्या स्वतःच्या खड्ड्यावर अवलंबून असते. देशावर वीतभर मातीखाली काळा पाषाण लागतो, कोकणात जांभा. दोन्ही जमिनी उन्हाळ्यात कोरड्या पडल्या की वीज सहजी वाहून नेत नाहीत. समजा, खड्ड्याचा विरोध वीस ओहम भरला आणि खांबाच्या आत फेजची वायर सोलून लोखंडाला टेकली. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर करंट जमिनीत जाईल. सोळा अँपिअरचा एमसीबी या करंटला कधीच पडणार नाही. दिवा नेहमीसारखा लागेल, घरात सगळं सुरळीत दिसेल आणि बाहेरच्या लोखंडी खांबावर जवळपास पूर्ण दाब उभा असेल. खांबाला टेकून उभं राहणारं मूल, बाजूने जाणारा कुत्रा, सकाळी झाडांना पाणी घालणारा माळी यांना त्याचा पत्ता स्पर्श होईपर्यंत लागत नाही.

ही उणीव भरून काढणारं उपकरण म्हणजे आरसीसीबी. सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार आत किती आले आणि बाहेर किती गेले याची वही ठेवतो, तसं हे उपकरण फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांचा ताळा सतत पाहत असतं. दोन्हींत तीस मिलिअँपिअरची तफावत पडली, म्हणजे तेवढी वीज भलत्याच वाटेने जमिनीत चालली आहे असा निष्कर्ष काढून ते लाइन तोडतं. मोठा दोष असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात तोडतं. वीस ओहमच्या त्याच सामान्य खड्ड्यावर तीस मिलिअँपिअर गळती झाली तर खांबावर येणारा दाब ०.६ व्होल्ट भरतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीने जे कधीच केलं नसतं ते आरसीसीबी खांबाला हात लागण्यापूर्वीच करून ठेवतो.

या उपकरणाचा इतिहास आपल्याला उपयोगी धडा देतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींमध्ये १९५५च्या सुमारास हेन्री रुबिन यांनी गळतीचा करंट ओळखून लाइन तोडणारी यंत्रणा आणली. १९६१मध्ये डॅलझील यांनी घरगुती वापराला साजेसं, अतिशय संवेदनशील उपकरण तयार केलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने ते आधी पोहण्याच्या तलावांसाठी आणि १९७३मध्ये घराबाहेरच्या सॉकेटसाठी सक्तीचं केलं. न्हाणीघराची पाळी १९७५मध्ये आली, स्वयंपाकघराची तर १९८७मध्ये. घराच्या भिंतींबाहेर पाऊल टाकताच धोका वाढतो, हे त्या क्रमातूनच कळतं. तिथे घरासमोरच्या खांबावर नाताळच्या रोषणाईसाठी सॉकेट असणं जुनी गोष्ट आहे, आणि न्यू जर्सीतली मराठी कुटुंबं दिवाळीच्या माळा तशाच सॉकेटला लावतात. तिथला दाब १२० व्होल्ट आणि संरक्षण पाच मिलिअँपिअरच्या आसपास तुटणारं. आपला दाब जवळपास दुप्पट, आपलं उपकरण तीस मिलिअँपिअरचं आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. काळजी आपण जास्त घ्यायला हवी.

डीबी उघडल्यावर आरसीसीबीच्या तोंडावरचा आकडा वाचावा. तिथे ०.०३ अँपिअर किंवा तीस मिलिअँपिअर छापलेलं असलं पाहिजे. पुष्कळ जुन्या डीबींत शंभर किंवा तीनशे मिलिअँपिअरचं उपकरण असतं. ते आगीपासून संरक्षण देतं, माणसाच्या जिवाची हमी देत नाही. आणखी एक सूचना मी आग्रहाने करतो : बाहेरच्या लाइनसाठी स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र असलेलं उपकरण, बसवा. सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी असला, तर श्रावणातल्या झडीत खांबात ओल शिरली की आख्खं घर अंधारात जातं. दोन वेळा असं झालं की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘सारखा पडतो, काढून टाका.’ आणि तो काढला जातो. पावसात पडणारा आरसीसीबी बिघडलेला नसतो. बाहेर गळती आहे हे तो सांगत असतो. स्वतंत्र आरसीबीओ असला की पडते ती फक्त बाहेरची लाइन, घर चालू राहतं आणि दोष शोधायला सवड मिळते.

आता खांबाचं दार उघडून बघू. बहुतेक लोखंडी खांबांना खाली गुडघ्याच्या उंचीवर एक छोटं झाकण असतं. त्याचे स्क्रू गंजून बसलेले असतात, म्हणून वर्षानुवर्षं ते कुणी काढत नाही. काढलं की आत काय दिसतं? तळाशी ओली माती, मुंग्यांचं वारूळ, कोपऱ्यात पालीची अंडी. जमिनीतून आलेली केबल खांबाच्या कापलेल्या धारेवर घासते आहे, तिथे रबरी ग्रोमेट नाही. कनेक्टरच्या जागी पिळा मारून टेप गुंडाळलेला जोड, आणि टेपचा डिंक उन्हाने सुटून ती कागदासारखी उलगडलेली. तांब्यावर हिरवट थर. अर्थिंगची वायर असलीच, तर ती रंगाच्या थरावरच बोल्टखाली दाबलेली, म्हणजे लोखंडाला टेकलेलीच नाही. अशा खांबावर नवी, महागडी, पाण्यापासून सुरक्षित पेटी बसवून काय उपयोग? आधी जोड काढून झाकणबंद जंक्शन बॉक्समध्ये चांगला कनेक्टर द्यायचा, कापलेल्या धारेला ग्रोमेट बसवायचा, अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडायचा आणि लग लावून घट्ट आवळायचं. खांबाचा तळ गंजून पातळ झाला असेल तर त्यात नवं भोक पाडायचंच नाही. शेजारी कंपाउंडच्या भिंतीवर किंवा छोट्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर वेगळा पॉइंट काढायचा. बऱ्याच ठिकाणी हाच मार्ग अधिक चांगला ठरतो.

तीन गफलती इतक्या पसरलेल्या आहेत की त्यांच्यासाठी या पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण आहे. पहिली, खांबापर्यंत दोनच वायर आल्या आहेत म्हणून सॉकेटमधल्या अर्थच्या पिनला न्यूट्रलशी लूप मारणं. टेस्टर लावला की सगळं बरोबर दिसतं. पण ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल सुटेल, त्या दिवशी जोडलेल्या यंत्राच्या धातूच्या अंगावर फेज येईल, आणि तो येईल सुरक्षिततेसाठी असलेल्या पिनवाटेच. हा जोड कुठेही आढळला तर त्याच क्षणी काढावा. दुसरी, उसना न्यूट्रल : फेज एका लाइनचा आणि न्यूट्रल जवळ सापडला म्हणून दुसऱ्या लाइनचा. अशा जोडणीवर आरसीसीबी बसवला की तो भार येताच पडतो, आणि दोष जोडणीचा असताना बोल आरसीसीबीला लागतो. तिसरी, इन्व्हर्टर. फाटकाचा दिवा पुष्कळ घरांत इन्व्हर्टरवर असतो. मेन स्विच पाडून माणूस खांबापाशी येतो, आणि खांबात इन्व्हर्टरची वीज जिवंत असते. म्हणून मेन बंद, इन्व्हर्टर बंद, मग खांबापाशी मीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही मोजमापं घेतल्याशिवाय वायरला बोट लावू नये. निऑनच्या टेस्टरवर जीव टांगू नये. उन्हात त्याचा उजेड दिसत नाही आणि जाड रबरी तळव्याच्या बुटांत तो फसवतो.

केबल, पेटी आणि उंची यांबद्दल थोडक्यात. जमिनीत पुरायची केबल आर्मर्ड असावी, आणि कमी दाबाच्या केबलसाठी भारतीय मानकाने सांगितलेली खोली ७५ सेंटिमीटर आहे. तिच्याखाली-वर वाळू, त्यावर विटा आणि वर धोक्याची पट्टी द्यावी, म्हणजे पुढे झाड लावायला खणणाऱ्याची कुदळ आधी विटेवर वाजेल. कातळात खोली मिळत नसेल तर केबल भिंतीच्या कडेने लोखंडी पाइपातून न्यावी. चार बोटं मातीखाली लपवू नये. पेटीवरचे आयपीचे, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाच्या दर्जाचे, दोन आकडे बघावेत. दुसरा आकडा पाण्याचा : चार म्हणजे शिंतोडे, पाच म्हणजे पाण्याचा फवारा. मात्र हा दर्जा झाकण बंद असताना मोजलेला असतो. प्लग लावल्यावर झाकण उघडंच राहत असेल, तर पेटीवर काहीही छापलेलं असो, ऐन वापराच्या वेळी ती उघडी आहे. म्हणून प्लग आत असतानाही मिटणारं खोल झाकण घ्यावं. केबल पेटीत खालून, ग्लँडमधून शिरावी. उंची निदान मीटरभर ठेवावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. ज्यांच्या आवारात पाणी साचतं, त्यांनी आपल्या भिंतीवरची जुनी पाण्याची रेघ बघून पॉइंट तिच्या बराच वर न्यावा.

या पुस्तिकेत दोन गोष्टी मुद्दाम घेतलेल्या नाहीत. बाहेरच्या खांबावरून विजेवर चालणारी मोटार चार्ज करणं हा तिचा विषय नाही. तासन्तास पंधरा-सोळा अँपिअर ओढणाऱ्या चार्जरला स्वतःची स्वतंत्र लाइन लागते. आणि फाटकाबाहेरचा रस्त्यावरचा खांब नगरपालिकेचा असतो. त्यावरून उत्सवासाठी वीज घेणं हा २००३च्या विद्युत कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याहून मोठं म्हणजे ते जिवावर बेतणारं आहे. मंडळांनी वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी घ्यावी.

पुस्तिका दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. घरमालक किंवा सोसायटीचे सेक्रेटरी यांनी पहिला भाग वाचावा. त्यात काम करून घेण्यापूर्वी काय विचारायचं आणि काम झाल्यावर काय बघायचं ते आहे. त्यांनी स्वतः जोडणी करावी असा हेतू नाही. नवी लाइन टाकणं हे परवानाधारक कंत्राटदाराच्या देखरेखीखाली, परवानाधारक तारतंत्र्याच्या हातून व्हायला हवं, असं कायदाही सांगतो आणि शहाणपणही. दुसरा भाग वायरमनसाठी आहे. त्यात मापं, आकृत्या आणि चाचण्या क्रमाने दिल्या आहेत : पाचशे व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासताना एलईडीचा ड्रायव्हर आधी सोडवणं, वाचन एक मेगओहमच्या खाली आलं तर पुढे न जाणं, सॉकेटच्या अर्थ पिनपासून डीबीतल्या अर्थच्या पट्टीपर्यंत सलगता मोजणं, फेज-न्यूट्रलची जागा पडताळणं आणि शेवटी आरसीसीबी तपासण्याच्या खास टेस्टरने तो किती मिलिसेकंदात पडतो ते बघणं. आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबावं. ते दाबून यंत्रणा हलते एवढंच कळतं, अर्थिंग शाबूत आहे की नाही ते कळत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी वर्षातून एकदा खांबाचं दार उघडणं चुकवू नये.

वायरमन मंडळींविषयी एक गोष्ट मनापासून लिहावीशी वाटते. अर्धवट कामाचं खापर त्यांच्यावर फोडलं जातं, पण पुष्कळदा तसं काम मागणारे आपणच असतो. पाचशे रुपयांत पॉइंट काढून देणारा बरा वाटतो. आरसीबीओ, तीन कोरची केबल आणि नवा खड्डा सांगणारा ‘खर्च वाढवतो’ असं वाटतं. देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्याने दगावतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वर्षांच्या अहवालांत दिसतं. घासाघीस करताना तो आकडा डोळ्यांपुढे असू द्यावा. जो कारागीर सॉकेट बसवण्यापूर्वी डीबी उघडून बघायला मागतो, मेगर सोबत आणतो आणि अर्थिंग नाही म्हणून काम नाकारतो, त्याला पुन्हा बोलवा, त्याचा दर द्या आणि शेजाऱ्यांना त्याचं नाव सांगा. काम झाल्यावर त्याच्याकडून चाचण्यांचे आकडे एका कागदावर लिहून, तारखेसह सही करून घ्या आणि तो कागद डीबीच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वर्षी दुसरा कुणी तपासायला आला तर त्याला कुठून सुरुवात करायची ते त्या कागदावरून कळेल, आणि बाहेरच्या लाइनची जबाबदारी कुणा एकाच्या आठवणीवर राहणार नाही.